लेन्सवरचा संरक्षक फिल्टर: कशासाठी घ्यावा, कसा निवडावा आणि केव्हा काढावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण २४-१०५ मिमी एफ/४ ही लेन्स नव्याने घेतली आहे आणि तिला ७७ मिमी व्यासाचा फिल्टर बसतो. १५०-६०० मिमीची, ९५ मिमी व्यासाची टेलिफोटो लेन्स आपल्याकडे आधीपासून आहे. आपले छायाचित्रण मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, जेजुरीच्या यात्रांमध्ये आणि उन्हाळ्यात ताडोब्याच्या जंगलात होते. दुकानदाराने ‘यूव्ही फिल्टर लावल्याशिवाय लेन्स बाहेर काढू नका’ असे बजावून काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंतचे फिल्टर आपल्यासमोर मांडले आहेत. त्यांतला कोणता, कोणत्या कंपनीचा घ्यावा, किंबहुना घ्यावा की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. ७७ मिमीच्या लेन्सला उत्तम प्रतीचा मल्टीकोटेड, म्हणजे अनेक थरांचा लेप दिलेला, फिल्टर अवश्य घ्यावा, कारण आपण जिथे काम करता तिथे तो खरोखर उपयोगी पडतो. ९५ मिमीच्या लेन्सवर मात्र तो कायमचा लावून ठेवू नये. याची कारणे सविस्तर देतो, म्हणजे पुढे आणखी एखादी लेन्स घेतली तरी आपला निर्णय आपल्याला स्वतःच करता येईल.

प्रथम अतिनील, म्हणजे यूव्ही, किरणांचा विषय संपवू. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि ४०० नॅनोमीटरच्या खालचे किरण अतिनील. फिल्मच्या काळात हा फिल्टर खऱ्या अर्थाने अतिनील किरण अडवण्यासाठी वापरला जात असे. फिल्मवरचा निळ्या रंगाला संवेदनशील असणारा थर अतिनील किरणांनाही प्रतिसाद देतो, त्यामुळे उंच डोंगरावर किंवा समुद्रकाठी काढलेल्या दूरच्या दृश्यांवर निळसर पडदा पसरल्यासारखा दिसे आणि फिल्टरने तो कमी होई. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढे बसवलेल्या काचांच्या थरातच अतिनील आणि अवरक्त किरण गाळण्याची सोय असते. शिवाय लेन्समधली भिंगे आणि त्यांच्यावरचे लेप यांतून जाताना बरेचसे अतिनील किरण आधीच शोषले जातात. त्यामुळे आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर यूव्ही फिल्टर लावला काय आणि न लावला काय, रंगांत किंवा दूरच्या धुरकटपणात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडत नाही. सह्याद्रीच्या दूरच्या रांगांवर दिसणारा धूसरपणा हवेतल्या बाष्पामुळे आणि धुळीमुळे असतो. तो दृश्य प्रकाशातलाच आहे, म्हणून यूव्ही फिल्टर त्याला हात लावू शकत नाही. पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश गाळणारा फिल्टर, काही दिशांना त्यात थोडी मदत करतो. ‘यूव्ही’, ‘प्रोटेक्टर’, ‘क्लिअर’ किंवा निकॉन ज्याला ‘एनसी’ म्हणते, असे फिल्टर डिजिटल कॅमेऱ्यापुरते एकच काम करतात: लेन्सच्या पुढे एक स्वच्छ काच धरणे. जो चांगल्या प्रतीचा आणि वाजवी भावात मिळेल तो घ्यावा. जुना गुलाबी छटेचा स्कायलाइट फिल्टर घरात पडून असेल तर तो फिल्म कॅमेऱ्यासाठी ठेवावा.

मग ही स्वच्छ काच लेन्सला कशापासून वाचवते? याचे उत्तर देताना बहुतेक जण पहिल्यांदा आपटण्याचा विचार करतात, आणि नेमके तिथेच फिल्टर सर्वांत कमी उपयोगाचा आहे. फिल्टरची काच जेमतेम दोनेक मिलिमीटर जाडीची असते. लेन्सचे पुढचे भिंग त्याच्या कितीतरी पट जाड असते आणि सहजासहजी तडकत नाही. फिल्टर फुटला म्हणजे त्याने भिंग वाचवले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण ज्या धक्क्याने ती पातळ काच फुटली त्या धक्क्याने भिंगाला काहीच झाले नसते अशी शक्यता बरीच असते. उलट फुटलेल्या काचेचे कपचे भिंगावर घासून ओरखडे पाडू शकतात. लेन्स जमिनीवर पडली की खरे नुकसान आत होते: भिंगांच्या गटांची मध्यरेषा सरकते, झूमची यंत्रणा वाकडी होते, माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा भाग) ढिला पडतो. यांतले काहीही फिल्टर थांबवत नाही. लेन्स तोंडावर पडली तर फिल्टरची कडी आधी चेपते आणि लेन्सचे आटे वाचू शकतात, एवढाच काय तो फायदा. आपटण्यापासून वाचवायचे असेल तर लेन्सबरोबर आलेले हूड कायम लावून ठेवावे. प्लॅस्टिकचे हूड थोडे वाकते, धक्का स्वतः सोसते, गर्दीत कोणाचे कोपर किंवा पिशवी भिंगापर्यंत पोहोचू देत नाही आणि बाजूने येणारा प्रकाश अडवून चित्र सुधारते. फिल्टर चित्र सुधारत नाही. त्याने चित्र फारसे बिघडवू नये, इतकीच उत्तम फिल्टरकडूनही अपेक्षा ठेवता येते.

फिल्टरचे खरे मोल आहे ते घाणीपासून संरक्षणात, आणि आपली तीनही ठिकाणे याची उत्तम उदाहरणे आहेत. किनाऱ्यावर वारा सुटला की लाटांचे सूक्ष्म तुषार लेन्सवर बसतात. त्यांतले पाणी उडून जाते आणि मिठाचा थर मागे राहतो. तो कोरड्या फडक्याने पुसला की स्फटिक भिंगाच्या लेपावर घासले जातात. ताडोब्यात पुढच्या जिप्सीने उडवलेली धूळ दिवसभर अंगावर येते, आणि तिच्यात वाळूचे म्हणजे सिलिकाचे कण असतात, जे काचेवरच्या लेपाला सहज ओरखडे पाडू शकतात. जेजुरीचे सांगायलाच नको. सोमवती अमावस्येला पालखी गडावरून कऱ्हेकडे निघते तेव्हा भंडाऱ्याची जी उधळण होते, तिच्यात उभे राहून चित्रण करणाऱ्याच्या लेन्सवर हळदीची पूड बसणारच. हळद अतिशय बारीक असते, चिकटते, घामाच्या किंवा तेलकट बोटाने पुसायला गेले की तिचा लेप होतो, आणि झूम लेन्सच्या पुढच्या कडेच्या फटींत ती जाऊन बसते. विसर्जन मिरवणुकीतला किंवा ज्योतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलालही याच जातीचा. अशा वेळी फिल्टर काढून नळाखाली धुता येतो, लेन्स धुता येत नाही. दिवसातून अनेकदा पुसणे ज्या कामात अपरिहार्य आहे, तिथे पुसण्याची झीज ज्या काचेवर व्हायची ती काच बदलता येण्याजोगी असावी, हा फिल्टर घेण्यामागचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. कारखान्यात वेल्डिंगचे किंवा ग्राइंडरचे चित्रण करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तापलेल्या धातूची ठिणगी काचेत रुतून बसते आणि मग ती कशानेही निघत नाही.

आणखी एक कारण काही विशिष्ट लेन्सच्या बाबतीत आहे. धूळ आणि पाण्यापासून संरक्षित म्हणून विकल्या जाणाऱ्या काही लेन्समध्ये, उदाहरणार्थ कॅननच्या ईएफ १७-४० मिमी एफ/४ एलमध्ये, हे संरक्षण पूर्ण होण्यासाठी पुढे फिल्टर लावणे आवश्यक असल्याचे कंपनीच सांगते. आपल्या लेन्सची माहितीपुस्तिका एकदा या दृष्टीने वाचावी.

जिथे यांतले काही नाही, म्हणजे घरगुती समारंभ, स्टुडिओ, शहरातले दिवसाचे चित्रण, तिथे मी फिल्टरचा आग्रह धरत नाही. पुढच्या भिंगावर पडलेल्या एखाद्या बारीक ओरखड्याची किंवा धुळीच्या कणाची लोकांना वाटते तेवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. तो ओरखडा फोकसच्या प्रतलापासून इतका दूर असतो की चित्रात त्याचा आकार उमटत नाही, फार तर थेट समोरून प्रकाश आला तर थोडा फ्लेअर, म्हणजे चित्रावर पसरणारा भटका प्रकाश, वाढतो. ५० मिमी एफ/१.८ सारख्या स्वस्त लेन्सला हूड पुरेसे आहे. तिच्या किमतीच्या निम्म्या पैशांचा फिल्टर तिच्यावर चढवणे मला पटत नाही.

आता फिल्टरची किंमत आपण चित्रात कशी मोजतो ते पाहू, कारण निवडीचे सगळे निकष इथूनच येतात. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग असतात, म्हणजे लेप नसलेला फिल्टर जवळपास ८ टक्के प्रकाश परत फेकतो. प्रकाश कमी पडला याचे दुःख नाही, तेवढे कॅमेरा भरून काढतो. दुःख आहे ते त्या परावर्तित प्रकाशाचे, जो लेन्सच्या आत-बाहेर भटकून सेन्सरवर नको तिथे पडतो. १९३५ मध्ये त्साइस कंपनीतले अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनविरोधी लेपाची पद्धत शोधली आणि तिच्यामुळेच पुढे अनेक भिंगांच्या झूम लेन्स व्यवहारात येऊ शकल्या. हवेला लागणारे ३० पृष्ठभाग असलेली लेन्स लेपाविना बनवली तर सेन्सरपर्यंत ३० टक्क्यांहूनही कमी प्रकाश पोहोचेल, आणि उरलेल्यातला काही भाग धुक्यासारखा चित्रावर पसरेल. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकेरी लेप हे परावर्तन दर पृष्ठभागाला सुमारे दीड टक्क्यावर आणतो, आणि अनेक थरांचा चांगला लेप ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली नेतो. लेन्स बनवणाऱ्याने आतल्या प्रत्येक भिंगावर हा खर्च केलेला असताना त्याच्या पुढे आपण लेप नसलेली साधी काच लावतो, तेव्हा त्याच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते.

फिल्टरमुळे येणारा सर्वांत ओळखीचा दोष म्हणजे रात्रीच्या चित्रांतले भुताळी दिवे. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग किंवा दिवाळीतली रोषणाई टिपली की चित्राच्या विरुद्ध कोपऱ्यात त्याच दिव्यांची फिकट, उलटी प्रतिमा दिसते. लेन्समध्येच दोष आहे असे समजून अनेक जण ती दुरुस्तीला नेतात. कारण साधे आहे. दिव्याचा प्रकाश सेन्सरवर केंद्रित होतो, सेन्सरच्या चकचकीत काचेवरून त्यातला थोडा परत फिरतो, लेन्समधून उलट बाहेर जाताना समांतर किरणांचा झोत बनतो, पुढच्या सपाट फिल्टरवर आपटतो आणि पुन्हा लेन्समधून आत येऊन सेन्सरवर नीट केंद्रित होतो, फक्त मध्यबिंदूच्या बरोबर विरुद्ध बाजूला. लेन्सची स्वतःची भिंगे वक्र असल्याने त्यांच्यावरून परतलेला प्रकाश पसरून जातो. फिल्टर सपाट असल्याने त्याच्यावरून परतलेली प्रतिमा रेखीव राहते. म्हणून हा दोष उत्तम लेपाने कमी होतो, पण पूर्ण जात नाही. रात्री, चंद्राचे चित्र काढताना, चौकटीत सूर्य किंवा उघडा दिवा असताना, किंवा अंधारात पणत्यांच्या ज्योतींचे चित्र घेताना फिल्टर काढून खिशात ठेवावा, फिल्टर कितीही महाग असला तरी. आकाशकंदील आणि भुईनळे एकाच चौकटीत असतील तर मात्र ठिणगीचे अंतर पाहून ठरवावे. ठिणग्या पोहोचणार असतील तर फिल्टर राहू द्यावा आणि चित्राची रचना थोडी बदलून ती उलटी प्रतिमा एखाद्या उजळ भागावर पडेल असे पाहावे, म्हणजे ती नजरेत भरत नाही.

लेप कसा आहे हे दुकानातच ओळखता येते. फिल्टर आडवा धरून त्यात छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे. ते पांढरे आणि लख्ख दिसले तर काचेवर लेप नाही, पाकिटावर काहीही छापलेले असो. प्रतिबिंब मंद आणि हिरवट, जांभळट किंवा गडद निळसर दिसले तर लेप अनेक थरांचा आहे. दोन प्रतिबिंबे दिसतात, एक पुढच्या पृष्ठभागाचे आणि एक मागच्या. दोन्ही मंद असली पाहिजेत, कारण स्वस्तातल्या काही फिल्टरवर एकाच बाजूला लेप असतो. नंतर फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवून काचेखालचा कागद आणि बाहेरचा कागद यांच्या रंगात फरक नाही ना ते पाहावे. अलीकडच्या चांगल्या फिल्टरवर सर्वांत वर पाणी आणि तेल न चिकटणारा एक थर असतो. किनाऱ्यावर आणि भंडाऱ्यात काम करणाऱ्याने त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत असे मी निःसंकोच सांगेन. जुन्या पद्धतीच्या मल्टीकोटेड काचेवर बोटाचा तेलकट ठसा उमटला की तो पसरतच जातो आणि पुसता पुसता नाकी नऊ येतात. या थरावरून पाण्याचे थेंब आपोआप घरंगळतात आणि पूड ब्लोअरच्या फुंकरीने बरीचशी उडते.

काही विक्रेते अतिनील विजेरी आणि नोट घेऊन फिल्टरची परीक्षा दाखवतात. नोटेवरचे आकडे विजेरीखाली चमकतात आणि मध्ये फिल्टर धरला की चमक मंदावते. हा प्रयोग फिल्टर अतिनील किरण अडवतो की नाही एवढेच सांगतो, आणि तेही विजेरी ३६५ नॅनोमीटरची असेल तर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ३९५ नॅनोमीटरच्या विजेरीचा बराच प्रकाश दृश्य जांभळ्याच्या हद्दीवर असतो, तो उत्तम यूव्ही फिल्टरमधूनही काही प्रमाणात पलीकडे जातो. उत्तम प्रतीचा ‘क्लिअर’ फिल्टर तर या परीक्षेत साफ नापास होईल, आणि तरीही आपल्या कामासाठी तो उत्कृष्ट असू शकेल.

काचेच्या सपाटपणाचा मुद्दा लेपाइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो दुकानात दिसत नाही आणि सर्व लेन्सना सारखा लागू होत नाही. आपल्या दोन लेन्सच्या बाबतीत माझे उत्तर वेगळे का, ते इथे स्पष्ट होईल. दूरच्या एका बिंदूपासून निघालेला प्रकाश फिल्टरचा किती भाग वापरतो, हे फोकल लेंग्थला (२४ मिमी, १०५ मिमी असा लेन्सवरचा आकडा) एफ-क्रमांकाने (एफ/४ मधला ४; तो जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान) भागून अंदाजे कळते. २४ मिमी आणि एफ/४ ला तो भाग केवळ ६ मिमीचा असतो. १०५ मिमी आणि एफ/४ ला तो सुमारे २६ मिमी होतो. ६०० मिमी आणि एफ/६.३ ला मात्र ९५ मिमी, म्हणजे फिल्टरची संपूर्ण काच. काच किंचित लहरी असेल किंवा तिचे दोन पृष्ठभाग एकमेकांना पूर्ण समांतर नसतील, तर ६ मिमीच्या तुकड्यात ती त्रुटी नगण्य असते. पूर्ण ९५ मिमीवर तीच त्रुटी एका बिंदूचा प्रकाश एका जागी जमू देत नाही, आणि ६०० मिमीची लेन्स ती आणखी मोठी करून दाखवते. परिणाम असा की वाघाच्या अंगावरचे केस मऊ, लोण्यासारखे दिसतात, मागच्या फोकसबाहेरच्या गवताच्या काड्या दुहेरी होतात, आणि कधी कधी ऑटोफोकसही अडखळतो. मोठी काच अचूक सपाट घासणे खर्चिक असते, म्हणून ९५ मिमीचा खरोखर चांगला फिल्टर स्वस्त असूच शकत नाही. याच कारणाने ४०० मिमी एफ/२.८ सारख्या मोठ्या लेन्समध्ये फिल्टर पुढे न लावता मागच्या बाजूच्या कप्प्यात सरकवण्याची सोय असते. ज्यांच्याकडे अशी लेन्स आहे त्यांनी तो कप्पा कधीही रिकामा ठेवू नये, कारण तिथली काच लेन्सच्या मूळ रचनेचा भाग म्हणून धरलेली असते.

याच हिशेबाची दुसरी बाजू किनाऱ्यावर उपयोगी पडते. २४ मिमी आणि एफ/१६ ला प्रत्येक बिंदूसाठी काचेचा दीड मिलिमीटरचाच भाग वापरात असतो, त्यामुळे फिल्टरवरचा तेवढ्याच आकाराचा पाण्याचा थेंब चित्रात डाग म्हणून दिसतो. समुद्राची चित्रे आपण नेमकी अशाच लहान छिद्रावर काढतो. तेव्हा दर थोड्या वेळाने काच तपासावी आणि शक्य असेल तिथे एफ/८ च्या आसपास राहावे.

आता कडीविषयी. व्यास लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा कॅपच्या आतल्या बाजूला शून्याला तिरकी रेघ मारलेल्या चिन्हापुढे लिहिलेला असतो. तो फोकल लेंग्थचा आकडा नव्हे, आणि ऑनलाइन मागवताना ही गल्लत अनेकांची होते. कडी पितळी मिळाली तर पितळी घ्यावी. लेन्सचे आटे बहुधा अॅल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे असतात, आणि अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम, त्यात खारी हवा, म्हणजे फिल्टर अडकून बसण्याची पुरेपूर सोय. पितळी कडी तुलनेने सहज सुटते. आपल्या लेन्सच्या २४ मिमी टोकाला जाड कडीमुळे चित्राचे कोपरे काळवंडू शकतात, म्हणून पातळ कडीचा फिल्टर बरा. पण काही अतिपातळ कड्यांना पुढच्या बाजूला आटेच नसतात, मग लेन्सची कॅप बसत नाही आणि पोलरायझरही चढत नाही. पातळ, तरीही पुढे आटे असलेली कडी मागावी. पोलरायझर किंवा एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर) लावायचा असेल तेव्हा मात्र संरक्षक फिल्टर आधी काढावा. दोन काचा एकावर एक म्हणजे परावर्तन करणारे चार पृष्ठभाग, शिवाय कोपऱ्यांत अंधार.

फिल्टर घरी आणला की त्याच दिवशी त्याची परीक्षा घ्यावी, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा आणि भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून लेन्स सर्वांत लांब टोकाला न्यावी. स्टॅबिलायझर बंद करून आणि दोन सेकंदांचा टायमर लावून फिल्टरसह आणि फिल्टरविना काही चित्रे घ्यावीत. प्रत्येक वेळी स्क्रीनवर प्रतिमा मोठी करून हाताने फोकस नव्याने करावा, नाहीतर आपण फिल्टरची नव्हे, फोकसची परीक्षा घेत राहतो. संगणकावर शंभर टक्के मोठे करून बारीक अक्षरे पाहावीत. दुसरी परीक्षा अंधाऱ्या खोलीत एकच उघडा दिवा चौकटीच्या कोपऱ्याजवळ ठेवून, पुन्हा दोन्ही प्रकारे. पहिल्या परीक्षेत फरक दिसला तर फिल्टर परत करावा. दुसऱ्या परीक्षेत उलटी प्रतिमा किती फिकट आहे ते पाहून रात्री तो कितपत चालेल याचा अंदाज बांधावा.

नावांविषयी विचारलेच आहे म्हणून सांगतो. होया, केंको, मारुमी, निकॉन आणि बी प्लस डब्ल्यू यांच्या वरच्या श्रेणीतले फिल्टर आपल्या कामाला योग्य आहेत. बी प्लस डब्ल्यू पितळी कड्यांसाठी ओळखले जाते. यांतल्या बहुतेक कंपन्या लेप नसलेले किंवा एकेरी लेपाचे स्वस्त फिल्टरही विकतात किंवा विकत आल्या आहेत, म्हणून केवळ नाव पुरेसे नाही, श्रेणी पाहावी. नामांकित नावांचे बनावट फिल्टर बाजारात भरपूर आहेत. भाव संशयास्पद कमी असेल तर अधिकृत विक्रेत्याकडूनच पक्क्या बिलावर घ्यावा आणि ट्यूबलाइटची परीक्षा करूनच पैसे द्यावेत. लेन्सच्या किमतीच्या पाच ते दहा टक्के ही मर्यादा मला योग्य वाटते. त्याहून कमी खर्चात ७७ मिमीची चांगली काच क्वचितच मिळते.

लावताना फिल्टर आधी अर्धा फेरा उलटा फिरवावा. आटा जागेवर बसल्याचे बोटांना कळते, मग सुलट फिरवून हलकेच थांबावे, आवळू नये. किनाऱ्यावरून परतल्यावर फिल्टर काढून गोड्या पाण्याने धुवावा आणि पूर्ण कोरडा झाल्याशिवाय परत चढवू नये, कारण आट्यांत राहिलेले मीठ पुढच्या खेपेला कडी जाम करते. भंडाऱ्यानंतर आधी कॅमेऱ्याचे तोंड खाली करून ब्लोअरने पूड उडवावी, मगच फिल्टरला हात लावावा, नाहीतर काढताना कडेची पूड भिंगावर पडते. फिल्टर अडकलाच तर दोन बोटांत दाबून पिळू नये, कारण दाबाने कडी लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. कडीभोवती रुंद रबर बँड गुंडाळून, सगळीकडून सारख्या हलक्या पकडीने फिरवावे.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत आणखी एक दक्षता हवी. फिल्टर आणि भिंग यांच्यामध्ये हवेचा बंदिस्त कप्पा तयार होतो आणि पावसाळ्यात त्यात दमट हवा अडकून राहिली की तिथे बुरशी धरू शकते. चार महिने फिल्टर न काढता लेन्स कपाटात ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. ठेवण्यापूर्वी फिल्टर सोडवून दोन्ही कोरडे करावे, आणि लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा ताज्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आल्यावर याच कप्प्यात धुके धरते आणि बाहेरून कितीही पुसले तरी जात नाही. तेव्हा कॅमेरा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवीतच बंद राहू द्यावा.

दोन गैरसमजांबद्दल स्पष्ट इशारा देणे माझे कर्तव्य आहे. यूव्ही फिल्टर लावून सूर्यग्रहणाचे चित्र काढता येत नाही. त्यासाठी खास सौर फिल्टर लागतो, अन्यथा सेन्सर जळू शकतो, आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून पाहणाऱ्याच्या डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मिरवणुकांत लेझरचे झोत सोडले जातात, त्यांचाही फिल्टरशी संबंध नाही. ते हिरवे, निळे, लाल, म्हणजे दृश्य प्रकाशाचेच असतात आणि फिल्टरमधून विनाअडथळा आत जातात. थेट लेन्समध्ये शिरलेला झोत सेन्सरवर कायमचा डाग पाडू शकतो. झोत आपल्या दिशेने फिरू लागला की कॅमेरा वळवावा, एवढाच उपाय आहे.

ताडोब्यासाठी आपल्या १५०-६०० वर हूड उलटे न ठेवता सुलट लावून ठेवावे, जिप्सी चालू असताना पुढे कॅप घालावी किंवा लेन्सवर सुती पंचा टाकावा, आणि गाडी थांबली की तो बाजूला करावा. मुक्कामी परतल्यावर ब्लोअर, मऊ ब्रश आणि मगच थोड्या द्रवाने ओलावलेले मायक्रोफायबर, याच क्रमाने पुढचे भिंग साफ करावे. द्रव फडक्यावर घ्यावा, भिंगावर थेंब टाकू नये. तरीही फिल्टर हवाच असे वाटत असेल तर ९५ मिमीचा सर्वोत्तम श्रेणीचा घ्यावा, वर्तमानपत्राची परीक्षा ६०० मिमीला करावी, आणि फरक दिसला तर तो फक्त धुळीच्या प्रवासापुरता लावावा. ७७ मिमीचा फिल्टर मात्र आजच घ्या. दोन-तीन हंगामांनी त्याच्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे दिसू लागले की तो बदलून टाकावा. ते किनाऱ्यावरच्या मिठाचे आणि जेजुरीच्या हळदीचे ओरखडे असतील आणि लेन्सच्या भिंगावर ते नसतील.